रक्त कुठं जिरतं? : आठवीच्या गटप्रकल्पाचं एक प्रकरण

धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेकाठच्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवतो. प्रकरण तिथल्या आठवीच्या वर्गाचं आहे. पाठ होता 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था'. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलांनी गट करून त्यावर प्रकल्प केला आणि एकमेकांच्या कामावर अभिप्राय दिले. त्यातल्या एका अभिप्रायानं अख्खा प्रकल्प मुळापासून हलवला. माझ्या मते मुलं जे खरं शिकली ते त्या हलण्यातून शिकली, म्हणून ते सगळं इथं मांडतो.

वर्गात चाळीसच्या आसपास मुलं, बहुतेक शेतकरी आणि शेतमजुरांच्या घरची. काही कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, त्यामुळे या दिवसांत काही बाकं रिकामी असतात. घरी, गल्लीत, मैदानावर बोलणं अहिराणीत. पुस्तकातली मराठी सगळ्यांना वाचता येते, पण स्वतःच्या मनातलं त्या मराठीत लिहायची वेळ आली की पुष्कळ जण थोडक्यात आटपतात. पुढे जे घडलं त्यात या गोष्टीचा मोठा वाटा आहे.

गट पाच होते: पचन, श्वसन, रक्ताभिसरण, उत्सर्जन आणि चेतासंस्था. प्रत्येक गटानं एक तक्ता आणि एक प्रतिकृती करायची, वर्गापुढे मांडायची, आणि उरलेल्या गटांनी अभिप्राय द्यायचा. सामान गावात मिळेल ते: पुठ्ठे, फुगे, जुन्या वह्या, आणि शेतातून आणलेल्या ठिबकच्या फुटक्या नळ्या. ठिबकच्या नळ्यांनी तर त्या आठवड्यात पोट, फुप्फुसं, हृदय, मूत्राशय सगळं जोडून काढलं.

सहाध्यायी मूल्यमापन, म्हणजे मुलांनी एकमेकांचं काम तपासणं, आपल्या शाळांना नवीन नाही. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पही होता आणि 'इतर' या सदराखाली सहाध्यायी मूल्यमापन, स्वयंमूल्यमापन, गटकार्यही होतं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या प्रगतिपत्रकातही ते आहे. कागदावर त्याचा नमुना ठरलेला: सुबकता, माहिती, सादरीकरण आणि शेवटी दहापैकी गुण. पहिली फेरी त्याच नमुन्यावर झाली.

त्या फेरीतले कागद माझ्याकडे आहेत. 'छान आहे.' 'चित्र खूप सुंदर आहे.' 'माहिती चांगली आहे.' 'आवाज थोडा मोठा हवा होता.' गुण नऊ नाहीतर दहा. अपवाद एकच. एका गटानं दुसऱ्याला चार गुण दिले होते, आणि त्याचं कारण तक्त्यात नव्हतं, कबड्डीच्या मैदानात होतं.

मला यात मुलांचा आळस दिसत नाही. जिच्यासोबत शाळा सुटल्यावर घरी चालत जायचं, त्या चुलतबहिणीच्या तक्त्यावर 'हे चुकलं' असं लिहून द्यायला आठवीतल्या पोरीनं का धजावं? गाव लहान आहे. कुणी भाऊबंदातलं, कुणी शेजारचं, कुणाच्या वडिलांनी कुणाच्या वडिलांकडे पैसे मागितलेले. गुण मागितले की मुलं नात्याचा हिशेब करतात, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर तो शहाणपणाचाच आहे. शिवाय चूक सांगायची तर ती नेमकी मांडावी लागते. ती पुस्तकी मराठीत मांडणं जड, त्यापेक्षा 'छान आहे' सोपं.

म्हणून दुसऱ्या फेरीत मी गुण काढून टाकले आणि नियम बदलले. अभिप्राय देणाऱ्या गटानं आपापल्या संस्थेच्या बाजूनं बोलायचं. म्हणजे पचनाच्या गटानं रक्ताभिसरणाला विचारायचं, 'आम्ही पचवलेलं तुम्ही कुठून उचलता?' श्वसनाच्या गटानं विचारायचं, 'आमचा ऑक्सिजन नेता, मग आम्हाला काय आणून देता?' आणि प्रत्येक गटानं निदान एक असा प्रश्न काढायचा, ज्याचं उत्तर समोरच्या तक्त्यावर नाही. बोलणं अहिराणीत चालेल, एकानं ते टिपून घ्यायचं.

फरक लगेच पडला. मुलगी आता मैत्रिणीला बोल लावत नव्हती, लहान आतड्याच्या वतीनं हृदयाकडे हिशेब मागत होती. मुलांना तेवढा आडोसा पुरला.

आता रक्ताभिसरण गटाच्या तक्त्याकडे येतो. त्या गटातल्या एका मुलाचे आजोबा गावच्या बंधाऱ्यावर पाटकरी होते. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धतीचं सिंचन चालत आलं आहे. नदीवर दगडी बंधारा घालून पाणी अडवतात. बंधाऱ्यातून कालवा निघतो, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग, आणि सारंगातून पाणी वावरात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे, म्हणजे फड, पाडलेले असतात आणि एका फडात सगळ्यांनी एका हंगामाला एकच पीक घ्यायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागले. हे सगळं गावानंच ठरवायचं आणि गावानंच पाळायचं. आता कित्येक ठिकाणी ते मोडत आलं असलं, तरी म्हाताऱ्यांच्या बोलण्यात ते शाबूत आहे.

या मुलानं गटाला सुचवलं की रक्ताभिसरण म्हणजे फड. हृदय हा बंधारा, महाधमनी हा कालवा, धमन्या म्हणजे चाऱ्या, त्यांचे बारीक फाटे म्हणजे सारंग आणि पेशी म्हणजे वावरं. प्रतिकृतीत जाड नळीला बारीक नळ्या जोडल्या होत्या. त्या सगळ्या लाल रंगवलेल्या, आणि मेंदू, पोट, पाय असं लिहिलेल्या पुठ्ठ्यांवर जाऊन संपत होत्या. मला ही मांडणी मनापासून आवडली. मोठी नळी बारीक होत जाते, पाळीनं सगळ्यांना मिळतं, कुणाला वगळायचं नाही, हे सगळं तिच्यात होतं. पहिल्या फेरीत तिला सर्वांत जास्त गुण मिळाले होते.

दुसऱ्या फेरीत पचनगटातली एक मुलगी उठली. एरवी वर्गात हिचा आवाज क्वचितच ऐकू येतो. पहिल्या फेरीत तिच्या गटानं तिला फक्त शीर्षकं गिरवायला दिली होती. तिनं विचारलं, "पानी वावरमा जिरी जास. मंग रगत कोठे जिरस?"

वर्ग हसला, मग गप्प झाला. नळ्या खरोखरच पुठ्ठ्यांवर संपत होत्या. रक्ताभिसरणाच्या गटानं आपापसात कुजबुज केली आणि उत्तर दिलं की रक्त शरीरात वापरलं जातं आणि नवीन तयार होतं. ती खाली बसली नाही. "कितलं?" म्हणाली. किती वापरलं जातं? कारण बनवायचं तर ते आमच्याकडून येणाऱ्या अन्नपाण्यातूनच बनवणार, आणि आम्ही दिवसाला देऊन देऊन देणार किती?

मी हे फळ्यावर लिहून ठेवलं आणि तास संपला. उत्तर मी सांगितलं नाही, कारण या प्रश्नाचा इतिहास मला माहीत होता. दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन मानायचा की अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शरीरभर जातं आणि तिथंच खर्ची पडतं. चौदाशे वर्षं युरोपात तेच शिकवलं गेलं. विल्यम हार्वेनं 1628 साली ते खोडलं, आणि त्याच्या पुराव्यातला एक मोठा भाग साधा गुणाकार होता: हृदय अर्ध्या तासात जेवढं रक्त पुढे ढकलतं, तेवढं खाल्लेल्या अन्नातून बनणं शक्य नाही. आमच्या वर्गातला तक्ता गेलनच्या जागी उभा होता आणि हार्वेचा प्रश्न विचारायला पचनसंस्था उठली होती. तिला ते नाव ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मात्र वातावरण बिघडलेलं होतं. रक्ताभिसरणाच्या गटातल्या मुली तिच्याशी बोलेनात. पाटकऱ्याचा नातू म्हणाला की आमची प्रतिकृती सगळ्यांत चांगली होती, हिनं मुद्दाम खोड काढली. सहाध्यायी अभिप्रायाच्या प्रशिक्षणात या दिवसाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, आणि सगळं ठरतं ते याच दिवशी. खरा प्रश्न जिव्हारी लागतो. तो लागल्यावर काय करायचं, याची तयारी नसेल तर मुलं पुढच्या वेळी पुन्हा 'छान आहे'वर जातात.

त्या दिवशी तिसरा नियम आला: ज्यानं प्रश्न विचारला, त्याच्या गटातलं एक माणूस उत्तर शोधायला समोरच्या गटात जाऊन बसेल. म्हणजे प्रश्न टाकून मोकळं होता येणार नाही. ती मुलगी वही घेऊन रक्ताभिसरणाच्या गटात गेली. सुरुवातीला तिला बाकाच्या कडेला बसवलं. गुणाकार सुरू झाला तेव्हा वही मधोमध आली, कारण तिचं गणित त्या गटापेक्षा चांगलं होतं.

हिशेब असा झाला. मोठ्या माणसाचं हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण 72 वेळा ठोकतं आणि एका ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. गुणाकार 5,040 मिलिलिटर, म्हणजे मिनिटाला पाच लिटर. मोठ्या माणसाच्या अंगात एकूण रक्तही साधारण पाचच लिटर. मुलं इथं थबकली. मग तासाचा आकडा काढला: 300 लिटरच्या वर. शेतावरचा 200 लिटरचा ड्रम सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणजे तासाला दीड ड्रम. दिवसाचा आकडा सात हजार लिटरच्या पुढे गेला, तेव्हा एक मुलगा म्हणाला की इतकं रक्त वापरलं जात असेल तर माणसाला विहीरच लागेल. जिरतं हे उत्तर तिथं संपलं. तेच रक्त परत येत असलं पाहिजे.

'नवीन तयार होतं' हे मात्र सगळंच चूक नव्हतं, आणि तेही नीट तपासलं गेलं. तांबडी रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते, जुन्या पेशी प्लीहेत आणि यकृतात मोडल्या जातात आणि नव्या अस्थिमज्जेत घडतात. म्हणजे रक्त बनतं, पण सावकाश. आमच्या भागात सिकलसेल ओळखीचा आजार आहे. त्याचा विषय मुलांनीच काढला. विळ्याच्या आकाराच्या त्या पेशी 10 ते 20 दिवसच टिकतात, अस्थिमज्जेला तेवढ्या वेगानं नव्या पुरवता येत नाहीत, म्हणून त्या माणसाचं रक्त कमी पडतं. इथं मी एक काळजी घेतली. कुणाच्या घरात कोण रुग्ण, कुणाकडे सिकलसेलचं कुठलं कार्ड, हे वर्गात बोलायचं नाही, असं आधीच सांगितलं.

परत येतं हे गणितानं पटलं, पण दिसलं नव्हतं. ते दाखवता येईल एवढंच मी सांगितलं आणि हार्वेचा हातावरचा प्रयोग समजावला. त्यासाठी शिरा उठून दिसणारा हात हवा. आठवीतल्या मुलांचे हात कोवळे. तेव्हा पाटकऱ्याच्या नातवानं आजोबांनाच शाळेत आणलं. उभा जन्म पाटावर फावडं चालवलेला माणूस, त्यांच्या हातावरच्या शिरा दोरीसारख्या. मुलांनी एका शिरेवर मनगटाच्या बाजूला बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या बोटानं त्यातलं रक्त कोपराकडे सारलं. शीर चपटी झाली आणि चपटीच राहिली. वरून रक्त उलटं खाली आलं नाही, कारण शिरेतल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. मनगटाकडचं बोट उचललं आणि शीर खालून भरून आली. हाताकडून हृदयाकडे. आजोबांनी हे दोनतीनदा करून घेतलं, स्वतःच्या दुसऱ्या हातावर करून पाहिलं आणि मग नातवाला विचारलं की सांडम कुठं आहे तुमच्या फडात?

फड पद्धतीत जादा पाणी वावरात तुंबू नये म्हणून ते बाहेर काढणाऱ्या वाटा असतात, त्यांना सांडम म्हणतात. ते पाणी परत नदीला मिळतं आणि खालच्या गावचा बंधारा ते पुन्हा अडवतो. मुलांनी तक्त्यात कालवा, चारी, सारंग सगळं घेतलं होतं, सांडम तेवढा राहिला होता. शिरा म्हणजे सांडम, हे लक्षात आल्यावर गटानं दोन दिवसांत प्रतिकृती नव्यानं बांधली. आता पुठ्ठ्यांतून परतीच्या नळ्या निघाल्या. एकाखाली एक बंधारे असतात, यावरून त्यांनी हृदयाच्या दोन बाजूही बसवल्या: डाव्या बाजूचं रक्त शरीराकडे, तिथून परतून उजव्या बाजूला, तिथून फुप्फुसांकडे.

आणि मग त्यांची गाडी अडली, जिथं अडायलाच हवी होती. खालच्या बंधाऱ्याचं पाणी वरच्या बंधाऱ्याला परत जात नाही. नदी चढत नाही. शिवाय बंधारा पाणी अडवतो आणि पुढे ते उतारानं वाहतं, हृदय तर आकुंचन पावून ढकलतं. गटात यावर जोरदार वाद झाला. पाटकऱ्याच्या नातवाला फड सोडवत नव्हता. शेवटी तक्त्यावर एक रेघ मारून त्यांनी लिहिलं: 'इथून पुढे फड चालत नाही.' खाली कारणं दिली. संपूर्ण प्रकल्पातली ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटते. मांडणी कुठपर्यंत धरायची आणि कुठं सोडायची, हे मुलांनी स्वतः ठरवलं.

राहिला होता पुठ्ठ्याच्या आतला भाग. धमनी संपते आणि शीर सुरू होते त्यामधे काय? हार्वेलाही ते दिसलं नव्हतं. 1657 साली तो वारला, आणि 1661 मध्ये मार्सेलो माल्पिगीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशिका, म्हणजे धमनी आणि शीर जोडणाऱ्या अतिबारीक नळ्या, पाहिल्या. हे सांगितल्यावर त्याच मुलीनं पुन्हा विचारलं: मग वावरात काहीच जिरत नाही का? हा प्रश्न पहिल्यापेक्षाही बारीक होता, कारण खरं उत्तर आहे की जिरतं. केशिकांच्या भिंतीतून रक्तातलं पाणी आणि विरघळलेले पदार्थ पेशींभोवती झिरपतात, बरंचसं पाणी परत केशिकांत शिरतं आणि उरलेलं लसीकावाहिन्यांतून फिरून शिरांना मिळतं. तिचा वावराचा मुद्दा सगळा टाकाऊ नव्हताच.

रंगाचा गोंधळ त्यामानानं लवकर मिटला. परतीच्या नळ्या निळ्या रंगवल्या होत्या आणि रक्तही 'निळे' लिहिलं होतं. श्वसनगटातल्या एकीनं आईची रक्ततपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहिली होती. कोपरातल्या शिरेतून काढलेलं रक्त काळपट लाल होतं, निळं नाही. निळा रंग फक्त तक्त्यासाठी, असं खाली लिहिलं गेलं.

पुढच्या दिवसांत 'कुठं गेलं?' हा प्रश्न सगळ्या गटांत फिरला. उत्सर्जनगटानं लिहिलं होतं की दोन्ही वृक्कं, म्हणजे मूत्रपिंडं, मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. रक्ताभिसरणाच्या गटानं आता त्यांनाच धरलं: लघवी होते दीड लिटर, बाकीचं कुठं गेलं? त्यातून नेफ्रॉनमधलं, म्हणजे वृक्कातल्या बारीक गाळण्यांमधलं, पुनर्शोषण (गाळलेलं पाणी परत रक्तात घेणं) निघालं, जे त्यांच्या पहिल्या तक्त्यात एका ओळीतही नव्हतं. श्वसनगटाचा तक्ता वायुकोशांवर संपत होता, तो पुढे केशिकांपर्यंत गेला. आणि पचनाच्या गटाला स्वतःच्याच प्रश्नाची परतफेड झाली: आतड्यातलं रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं, हे त्यांना शोधावं लागलं.

चेतासंस्थेच्या गटाबाबत ही पद्धत तोकडी पडली. तिथं वाहणारं, मोजता येणारं काही मुलांना सापडेना, त्यामुळे प्रश्न पुन्हा 'माहिती कमी आहे' या वळणावर गेले. एकच चांगला निघाला: हृदयाला ठोके द्यायला तुम्ही सांगता का? गटानं ठामपणे हो म्हटलं. बरोबर उत्तर असं की हृदयाची लय हृदयातच निर्माण होते, चेतातंतू तिचा वेग कमीजास्त करतात. शरीराबाहेर काढलेलं बेडकाचं हृदयही काही काळ ठोकत राहतं. पण हे मला सांगावं लागलं, मुलांच्या हाताला लागलं नाही. या संस्थेसाठी मोजण्याजोगं काहीतरी आधी हातात द्यायला हवं. पडती पट्टी पकडून प्रतिक्रियेचा वेळ काढण्याचा प्रयोग पुढच्या वर्षी अभिप्रायाच्या आधीच घेणार आहे.

दुसरी अडचण ऊसतोडीला गेलेल्या मुलांची. त्यांची नावं गटांत होती, पण ती या कामात नव्हती. परत आल्यावर त्यांना तयार तक्ता दाखवून भागणार नाही, म्हणून प्रत्येक गटाचे आधीचे तक्तेही मी जपून ठेवले आहेत. ती मुलं आली की त्यांनी जुन्या तक्त्यावर प्रश्न काढायचे आणि नव्या तक्त्यात उत्तर आहे का ते पाहायचं, असं ठरलं आहे.

गुणांचं म्हणाल तर आकारिक मूल्यमापनात प्रकल्पाचे गुण मीच दिले, सहाध्यायांच्या अभिप्रायाचा त्यात आकडा धरला नाही. वर्णनात्मक नोंदीत मात्र कुणी कुठला प्रश्न विचारला आणि तो कुणासोबत सोडवला, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहिलं. सातवीला स्नायू आणि पचनसंस्थेचा पाठ लागेल, तेव्हा त्यांच्या तक्त्यांवर अभिप्राय द्यायला आठवीचे हे पाचही गट जाणार आहेत. प्रश्न अहिराणीतच विचारायचे, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं आहे.